पेन्सिलीतलं चौथं कडवं

रुपराव भोयरांनी जन्मात दोनच गोष्टी मन लावून लिहिल्या. एक, खापरखेड्याच्या वीज केंद्रातली लॉगशीट. दुसरं, देवाचं रजिस्टर.

लॉगशीट सरकारची होती. टर्बाइनसमोरच्या काट्यांवर दर तासाला नजर टाकायची, वाफेचा दाब किती, उष्णता किती, वीज किती निघते आहे ते ज्या त्या चौकटीत मांडायचं आणि खाली सही ठोकायची. छप्पन सालापासून त्यांनी हे काम केलं आणि तासाचा आकडा सव्वा तासाने लिहिला असं एकदाही झालं नाही. देवाचं रजिस्टर मात्र त्यांचं स्वतःचं. स्टोअरमधून रद्दीत निघालेलं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, हातभर लांब. त्यात त्यांनी पट्टीने तीन रकाने आखले होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'पोथी', दुसऱ्यावर 'भजन' आणि तिसऱ्यावर 'शेरा'. देवाच्या कामावर शेरा मारणारा माणूस एकतर फार मोठा ज्ञानी असला पाहिजे नाहीतर अर्धवट, असं कॉलनीत काही जण म्हणत. रुपराव दोन्ही नव्हते. ते ऑपरेटर होते. दोन काटे एकाच गोष्टीचे वेगवेगळे आकडे दाखवत असतील तर दोन्ही लिहून ठेवायचे आणि बाजूला शेरा मारायचा, एवढं त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

रजिस्टर सुरू झालं सदुसष्टच्या श्रावणात. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात महिनाभर पोथी लागत असे आणि ती वाचायचे मुकुंदराव. मुकुंदराव अकाउंट सेक्शनमधले कारकून. आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुरात आले, हे ते नव्या माणसाला स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगत. पण आवाज गोड, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव साखरेचा, त्यामुळे त्यांच्या पूर्वजांचा कुणाला त्रास नव्हता. त्या संध्याकाळी पोथीत सृष्टीच्या उत्पत्तीचा अध्याय निघाला. देवाच्या मनात नुसतं आलं आणि आकाश झालं, मग वारा, अग्नी, पाणी, जमीन. हात हलवावा लागला नाही, अवजार उचलावं लागलं नाही. सगळा त्याचा खेळ. मंडळींनी माना डोलावल्या. दिवसभर कोळशाच्या धुरात राबून आलेली माणसं ती. हात न हलवता काम होतं हे ऐकायला कुणालाही बरंच वाटलं असतं.

मागच्या खांबाशी बसलेले रुपराव खाकरले. "मुकुंदराव, आमच्या मोहगावच्या नत्थूजीनं तं वेगळंच सांगतलं."

"काय सांगितलं?"

"देवानं खंदलं म्हणते. कुदळ घेऊन."

हशा झाला. नत्थूजी म्हणजे रुपरावांच्या गावचा विहिरी खणणारा. आसपासच्या दहा गावांत त्याच्या हातचं पाणी होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण संध्याकाळी खंजिरी घेऊन बसला की स्वतः जोडलेली भजनं म्हणायचा. तो मरूनही बरीच वर्षं झाली होती. मुकुंदराव हसले, पण माणूस भला, म्हणून पोथीवर कापड पांघरून म्हणाले, "म्हणा बघू." रुपरावांचा आवाज काही गोड नव्हता. त्यांनी मांडीवर ताल धरला आणि म्हटलं,

आंधी खंदली माती, मंग लागलं पाणी,
देवाचा घाम पुसाले नव्हती घरात राणी.

डोंगर ठेवला उचलून, पाठ लागली दुखाले,
घोटभर पाणी मांगे देव आपल्याच नदीले.

सूर्य टांगला वरतं, हात पोयले देवाचे,
फुंकर घाले चंद्र, उपकार त्या भावाचे.

राणीवर लोक पुन्हा हसले होते. देव स्वतःच्या नदीकडे घोटभर पाणी मागतो, तिथे हसू कमी झालं. हात पोळल्यावर मात्र कुणी हसलं नाही, कारण त्या देवळात हात न पोळलेला माणूस बहुधा मुकुंदरावच होते.

"आणि पुढे?" त्यांनी विचारलं.

"चवथं कडवं हाये," रुपराव म्हणाले, "पण आठवून नाही राहिलं."

त्याच आठवड्यात रजिस्टर उघडलं गेलं. डावीकडे पोथीतलं, उजवीकडे नत्थूजीचं. शेऱ्याच्या रकान्यात पहिली नोंद पडली: 'पोथीतला देव हुकूम देतो, भजनातला देव काम करतो. दोघे एकच असल्यास पहिला ऑफिसात असताना व दुसरा साइटवर असताना पाहिलेला दिसतो.' मग रुपरावांना नादच लागला. त्यांचे फोरमनसाहेब ख्रिस्ती होते. त्यांना विचारलं, तर त्यांच्या ग्रंथातला देवही नुसतं बोलून उजेड करतो असं निघालं, पण त्याने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली होती. हे रुपरावांना फार पटलं. शेरा: 'साप्ताहिक सुट्टीला येथे आधार सापडतो.' पोथीत देव जग निर्माण करून आपल्या ठायी शांत होतो, जगाचं बरंवाईट त्याला चिकटत नाही. शेरा: 'यंत्र चालू करून ऑपरेटर निघून गेला काय? चौकशी करावी.'

ही चौकशी त्यांच्या जिवाला लागून राहिली होती आणि तिचं उत्तर नत्थूजीच्या चौथ्या कडव्यात असणार होतं. देव काम संपल्यावर काय करतो, तेच त्यात होतं. एवढं त्यांना आठवत होतं. यमकही कानात होतं, 'घरी' आणि पुढे कशाच्या तरी 'वरी'. मधले शब्द गेले होते.

ते शब्द होते त्यांच्या आईकडे. पंचफुला शेतात निंदणाला बसली की हेच भजन म्हणायची, चारही कडवी, बाकीच्या बायांनी साथ करेपर्यंत. एकदा निवांत बसून तिच्याकडून लिहून घेऊ, असं रुपराव दहा वर्षं म्हणत होते. सहासष्टच्या जानेवारीत ती अंथरुणाला खिळली. सुभद्रा, म्हणजे रुपरावांची बायको, चार वर्षांच्या ताराला घेऊन सासूच्या सेवेला मोहगावी गेली. एका दुपारी गावाकडून निरोप आला की म्हातारीचं काही खरं नाही, लगेच निघा. रुपराव सकाळच्या पाळीत होते. तीन वाजता बदली यायची होती.

बदली म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन समोर उभा राहिला, त्याला चार्ज दिला, की आपण सुटलो. तो आला नाही तर टर्बाइन सोडून जाता येत नाही. वाफ कुणाच्या आईसाठी थांबत नाही. त्या दिवशी बदली होती गिरिधरची. तीन वाजले, साडेतीन वाजले, चार वाजले. गिरिधर आला नाही. दुसरा माणूस शोधून आणेपर्यंत पाच वाजून गेले. रुपरावांनी सायकल मोहगावच्या रस्त्याला लावली आणि तीन कोस मान वर न करता हाणली. पोचले तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसल्याबसल्याच गेलेली होती आणि तारा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. बाया म्हणाल्या, तासभर झाला, पोरीला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

गिरिधर त्या दुपारी शंकरपटाला गेला होता, बैलांच्या शर्यती पाहायला. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून आला आणि काहीतरी पुटपुटला. रुपराव म्हणाले, "होते गा," आणि विषय संपला. निदान गिरिधरपुरता संपला.

आता लॉगशीटची एक रीत सांगायला हवी. एखादा काटा बंद पडला तर चौकट रिकामी ठेवायची नाही. मागचापुढचा आकडा पाहून अंदाजाने भरायची, पण पेन्सिलीने. काटा दुरुस्त झाला आणि अंदाज बरोबर ठरला तर शाई, नाहीतर खोडरबर. सदुसष्टच्या श्रावणात रुपरावांनी तेच केलं. चौथ्या कडव्याची चौकट रिकामी पाहवेना. यमक हाताशी होतं. आठ संध्याकाळी ओट्यावर बसून, खोडून खोडून, त्यांनी पेन्सिलीने लिहिलं,

काम सरलं तरी देव गेला नाही घरी,
बदली येईस्तोवर उभा आपल्या पाळीवरी.

लिहून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. देवाचीही बदली आली नाही. तोही घरी जाऊ शकला नाही. मग आपलं काय घेऊन बसलात?

कधीतरी मोहगावला जाऊ, नत्थूजीच्या घरच्या माणसाला विचारू, खरं कडवं मिळालं की खोडून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. नत्थूजीचं घरचं माणूस मोहगावात उरलं नव्हतं. होती ती एक मुलगी गोपिका, कामठीला दिलेली. कामठी किती लांब, सायकलने तासभर. पण माणसाला जिथे जायचं नसतं ते गाव कितीही जवळ असलं तरी लांबच पडतं. चार वर्षं गेली.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर रुपराव धान कापायला पंधरा दिवस गावी गेले. जाताना मुकुंदराव म्हणाले, "जिल्ह्याची भजनस्पर्धा आहे, तुमचं रजिस्टर द्या, आपण नत्थूजीचं भजन बसवू." रुपरावांनी दिलं. मुकुंदरावांना गबाळेपणा सहन होत नसे. जुनं पान, काही शाई, काही पेन्सिल, तीही पुसट होत चाललेली. त्यांनी निळी शाई काढली आणि सगळं पान आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पक्कं करून टाकलं. चौथ्या कडव्यासकट.

रुपराव परत आले तेव्हा देवळात खंजिऱ्या घुमत होत्या. चौथं कडवं ऐकून ते पायरीवरच थबकले. सगळ्यात पुढे गिरिधर होता, डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून 'बदली येईस्तोवर' म्हणत होता. त्याचं झाल्यावर तो रुपरावांकडे धावत आला. "भाऊ, त्या नत्थूजीले आपल्या पाळीचं कसं समजलं गा? माह्या अंगावर काटा येते!"

तेव्हा बोलायला हवं होतं. रुपरावांना ते त्याच क्षणी कळलं आणि त्याच क्षणी ते बोलले नाहीत. गिरिधरच्या तोंडून ती ओळ ऐकताना त्यांना राग आला होता, थोडं गोडही वाटलं होतं, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये वेळ निघून गेली. बहात्तरच्या जानेवारीत देवळाच्या भजनी मंडळाला पहिलं बक्षीस मिळालं. भिंतीवरचं घड्याळ. ते देवळात लागलं आणि पुढली कितीतरी वर्षं रुपराव नमस्कार करायला गेले की आधी ते घड्याळ दिसायचं.

एकोणऐंशी साली उन्हाळ्यात मुकुंदरावांची भाची आली, सुहासिनी. नागपुरात कॉलेजमध्ये मराठी शिकवायची, नंदनवनात नवीन घर केलं होतं, आणि सृष्टी निर्माण करणाऱ्या देवाचं सामर्थ्य ग्रंथांत कसं सांगितलं आहे आणि लोकांच्या भजनांत कसं, यावर प्रबंध लिहीत होती. रजिस्टर हातात घेतल्यावर ती दोन तास बोललीच नाही. रुपरावांचे शेरे वाचून मधूनच हसायची. शेवटी मान वर करून म्हणाली, "रुपरावजी, मी चार वर्षं जे शोधते आहे ते तुम्ही रकाने आखून ठेवलंत. ग्रंथांत देवाचं सामर्थ्य म्हणजे त्याला कष्ट पडत नाहीत हे. नत्थूजींकडे सामर्थ्य म्हणजे कष्ट सोसणं. आणि हे चौथं कडवं म्हणजे कळस आहे. ग्रंथातला देव निर्मिती करून अलिप्त होतो, यांचा देव जागा सोडत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या रजिस्टरला रद्दी म्हणत नाही, ह्या आनंदात रुपराव होते. तेवढ्यात तिने विचारलं, "पण पाळी, बदली हे शब्द विहीर खणणाऱ्याकडे कुठून आले? ते कधी कोळशाच्या खाणीत होते का हो कामाला?"

रुपराव म्हणाले, "असतीन."

एवढा एकच शब्द. श्रावण लागायच्या आठवडाभर आधी तिने टाइप केलेलं प्रकरण वाचायला पाठवलं, सोबत चिठ्ठी: 'सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. काही चुकलं असेल तर कळवा. तुम्ही म्हणालात त्या कामठीच्या गोपिकाबाईंचा, नत्थूजींच्या मुलीचा, पत्ताही द्या, खाणीबद्दल त्यांना एकदा विचारून घेते.' रुपराव जेवता जेवता वाचत होते. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, नत्थूजी काही काळ खाणीत पाळीवर काम करत असल्याची माहिती मिळते. पुढची सात पानं त्या एका वाक्यावर आणि त्या एका कडव्यावर उभी होती. त्यांचा 'असतीन' शाईचा झाला होता.

"काहून घास थांबला जी?" सुभद्राने विचारलं.

"नत्थूजीच्या चवथ्या कडव्याचं लिवलं हाये."

"नत्थूजीचं कशाचं? तुमचं म्हना."

रुपरावांनी कागद खाली ठेवले. "तुले कोणं सांगतलं?"

"कोणं कशाले सांगाले पायजे? मले वाचता नाही येत, पन खोडलेलं दिसते. दुसऱ्याचं भजन उतरवून घ्याले आठ दिवस खोडरबर काहून लागलं तुमाले?" तिने भाजीचा हात धुतला. "मी वाट पाहून राहिली, आज सांगतीन, उद्या सांगतीन. बारा वर्स झाले बाप्पा."

रुपरावांना त्या रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही. ते पाळीचे होते, पडल्यावर झोप यायचीच. पण सकाळी उठल्यावर त्यांना स्वच्छ दिसलं की सोमवारी तो प्रबंध दिला गेला की खोटं पक्कं होईल. त्यांची ओळ त्यांना प्यारी होती, कडवं खोटं म्हटलं तर मंडळाचं बक्षीस, गिरिधरचा अंगावरचा काटा, सुहासिनीची सात पानं, सगळंच खाली येणार होतं. आणि नुसतं 'हे माझं' म्हणून भागणार नव्हतं, रिकाम्या चौकटीत खरं काय ते आणून द्यायला हवं होतं. त्यांनी सुहासिनीला निरोप धाडला, 'पत्ता लिहीत नाही, मीच विचारून येतो', आणि शनिवारी कामठीची वाट धरली.

गोपिकाबाई साठीच्या पुढची. मुलाने पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम टाकले होते, आणि गल्लीत सगळ्याच घरांत ते होते. त्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नसे. रुपरावांनी ओळख दिली, "मी मोहगावचा, पंचफुलाचा रुपराव!" ते तिला ऐकू आलं. पुढचं काही ऐकू जाईना. "नत्थूजीबाबाचं भजन!" ते ओरडले. ती कानाला हात लावून म्हणाली, "आं?" बारा वर्षं लपवलेली गोष्ट गल्लीभर ओरडून सांगायची वेळ आली होती.

आणि लाईन गेली.

गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. रुपरावांनी सवयीने घड्याळात पाहिलं, चार वाजून दहा मिनिटं. कुठलं युनिट बसलं असेल, हा विचार मनात येऊन गेला.

"तुमच्याकडूनच गेली का गा?" गोपिकाबाईने विचारलं.

"तसंच दिसते, बाई." मग त्यांनी सांगून टाकलं. आईकडून लिहून घ्यायचं राहिलं, चौकट रिकामी होती, पेन्सिलीने भरली, मुकुंदरावांनी शाई केली, बक्षीस मिळालं, आता नागपूरची एक शिकलेली बाई ते तुझ्या बापाच्या नावावर छापून राहिली. सगळं एका दमात.

"मले मालूम हाये," गोपिकाबाई म्हणाली. "बहात्तरच्या स्पर्धेले मी समोरच बसून होती. माह्या बापाचं भजन म्हणून गेली होती न मी."

"मंग काहून नाही बोलली वं?"

"राग आला होता. खोटं काहून बोलू?" तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "मोहगावच्या रुपरावच्या रजिस्टरातलं म्हणून सांगतलं तिथं. मले वाटलं तुले खरं मालूम असंन. तुही माय तं ते चवथंच सगळ्यात जास्त म्हणे. म्हटलं, ह्यानं मुद्दाम बदललं. मायले काढून टाकलं न देवाले उभं केलं."

"मायले?"

"तुले खरंच नाही येत?" तिचा आवाज उतरला. मग मागाच्या लाकडावर बोटांनी ताल धरून, बंद पडलेल्या गल्लीत, तिने हळूच म्हटलं,

काम सरलं मंग देव गेला आपल्या घरी,
पृथ्वी ठेवून गेला मायच्या मांडीवरी.

रुपराव ऐकत होते. 'घरी' तेच होतं. 'वरी' तेच होतं. मधलंच त्यांना कधी आठवलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मोहगावची भिंत आली, भिंतीला टेकलेली म्हातारी, आणि तिच्या मांडीवर झोपलेली तारा. आपण पाळीवर अडकलो होतो तेव्हा आईजवळ आपल्या जागी ती होती. ते त्या बाईच्या दारात, चोपन्न वर्षांचा माणूस, ढसाढसा रडले. गोपिकाबाईने त्यांना रडू दिलं आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. ते पीत असतानाच लाईन आली आणि गल्ली पुन्हा खडखडायला लागली. बरंच झालं, पुढचं काही बोलायची गरज उरली नाही.

रविवारी ते नंदनवनात गेले. सुहासिनीने ऐकून घेतलं आणि ती चिडली. का चिडणार नाही? "मी तुम्हाला विचारलं होतं, रुपरावजी. स्पष्ट विचारलं होतं. माझी सात पानं कचऱ्यात गेली."

"हो, बाई. चूक माहीच हाये," रुपराव म्हणाले. त्यांनी सबब सांगितली नाही. गोपिकाबाईकडून आणलेलं कडवं समोर ठेवलं.

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि चहा ठेवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा राग होता, पण त्याच्या कडेला दुसरंही काहीतरी होतं. "ग्रंथांतही देवाच्या शक्तीला आई म्हटलेलं आहे," ती म्हणाली. "पण ती सिंहासनावर असते. ही जमिनीवर बसलेली आहे." प्रबंध त्या सोमवारी गेला नाही, तीन महिन्यांनी गेला. त्यात सात पानांची अकरा पानं झाली होती आणि तळाशी बारीक टाइपात एक टीप होती की खापरखेड्याच्या मंडळात म्हटलं जाणारं कडवं एका ऑपरेटरने नंतर जोडलेलं आहे.

देवळात सांगणं मात्र जास्त जड गेलं. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी, पोथी संपल्यावर, रुपराव खांबाशी उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. मुकुंदराव कावरेबावरे झाले. "अहो, मग शाई मी केली की!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग रुपरावांनी खरं कडवं म्हटलं. मंडळींना ते चांगलं वाटलं, पण फार नाही. आपलं ते आपलं. घड्याळ परत करायचं का, अशीही चर्चा झाली आणि ते आता मागे पडतं, कोण घेणार, म्हणून राहू दिलं.

सगळे उठले तरी गिरिधर बसून होता. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. "भाऊ," तो म्हणाला, "ते बदलीचं तुम्ही लिवलं. म्हंजे तवाचं? शंकरपटाच्या दिवशीचं?"

"हो."

"आन मी आठ वर्सं ते गाऊन राहिलो." त्याने हाताने तोंड पुसलं. "तुम्ही समोर बसून आयकत होते."

रुपराव त्याच्या शेजारी बसले. राग बारा वर्षं पेन्सिलीने लिहून ठेवला होता, हे खरंच होतं, आणि आता शोधायला गेलं तर तो हाताला लागत नव्हता, हेही खरंच होतं. "तू चांगला गात होता गा," शेवटी ते म्हणाले. "चाल, घरी जेवाले चाल."

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी रजिस्टर काढलं. चौथ्या कडव्यापुढचा शेऱ्याचा रकाना बारा वर्षं कोरा होता. मुकुंदरावांच्या निळ्या अक्षरांवर त्यांनी पट्टीने एक सरळ रेघ मारली, खाली नत्थूजीचं कडवं उतरवलं आणि पेनात शाई आहे ना ते पाहून घेतलं. मग शेरा लिहिला, पाळी संपताना लॉगशीटवर लिहीत तसा, तारखेसकट:

'दि. १८ जानेवारी १९६६. बदली आली होती. माझ्या लक्षात आलं नाही.'

खाली त्यांनी सही केली.